आंबेनळी घाटात डायनोसॉर नेमके कुठे संपले?

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी एसटी आंबेनळी घाटाला लागली, तेव्हा माझा मावसभाऊ खिडकीला नाक लावून बसला होता. तो भूशास्त्रात एमएस्सी करतोय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझ्यासाठी घाट म्हणजे वळणं, मळमळ आणि आलेपाक. पहिल्या काही वळणांनंतर तो मागे वळून म्हणाला, "ताई, बहुतेक आत्ताच आपण डायनोसॉर ओलांडले."

"कुठे?"

"तेच तर. नक्की कुठे ते सांगता आलं असतं, तर कितीतरी लोकांची भांडणं मिटली असती."

मी बाहेर पाहिलं. काळा कातळ, त्यावर शेवाळ, मध्येच एखादा लालसर पट्टा, पुन्हा काळा कातळ. ओलांडण्यासारखं काही दिसलं नाही.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, हे शाळेत शिकवलेलं असतं. मला माहीत नव्हतं ते असं, की भूशास्त्रज्ञांनी या थरांचे त्यांच्या रासायनिक घडणीवरून गट पाडलेत आणि त्या गटांना आपल्याच गावांची, घाटांची नावं दिलीत. इगतपुरी, जव्हार, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरच्या शोधनिबंधांत ही नावं अशीच छापून येतात. खालचा थर जुना, वरचा नवा. म्हणजे पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारी एसटी भूतकाळातून वर्तमानाच्या दिशेनं चाललेली असते.

हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे वाहिला. त्याच सुमारास आजच्या मेक्सिकोत सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक अशनी आदळला. त्याच सुमारास डायनोसॉर संपले (पक्षी झालेले सोडून). तिन्ही गोष्टी 'त्याच सुमारास'. पण आधी काय झालं आणि नंतर काय? अशनी पडला त्या दिवशी आपल्याकडचा लाव्हा घाटातल्या कुठल्या वळणापर्यंत पोचला होता?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लोक सह्याद्रीत आलेच. पण उत्तराचा मोठा भाग मिळाला तो समुद्रातल्या, वाळूच्या कणाएवढ्या जीवांकडून. ती गोष्ट मी घरी येऊन वाचत गेले. वाचताना मला आमच्या ऑफिसातली एक रात्र सारखी आठवत होती, म्हणून आधी ती सांगते.

दोन सर्व्हर, दोन घड्याळं

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री आमची सिस्टीम बंद पडली. ऑन-कॉल मी होते. लॉग उघडले. ८ वाजून १० मिनिटांनी टीममधल्या एका मुलानं त्याचा नवा कोड लाइव्ह केला होता. ८ वाजून १३ मिनिटांनी डेटाबेस अडकायला लागल्याची पहिली ओळ होती. तीन मिनिटांचं अंतर. मी ग्रुपवर लिहून टाकलं, 'याच्या रिलीजमुळे गेलंय.' मॅनेजरसकट सगळ्यांनी वाचलं. तो मुलगा कंपनीत नवीन होता. काही बोलला नाही.

सोमवारी निवांत बसून तपासलं, तेव्हा कळलं की डेटाबेसच्या मशीनचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. दोन्ही मशीनच्या लॉगमध्ये एकच रिक्वेस्ट-आयडी सापडला, म्हणून ते लक्षात आलं. तीच रिक्वेस्ट एकीकडे एका वेळी, दुसरीकडे सहा मिनिटांनी पुढच्या वेळी नोंदलेली. ती खूण धरून दोन्ही लॉग शेजारी लावले, तर डेटाबेस अडकायला ८ वाजून ७ मिनिटांनीच सुरुवात झाली होती. रिलीजच्या आधी.

वेळ लिहिलेली असूनही मी चुकले होते. दगडावर तर वेळही लिहिलेली नसते. दोन ठिकाणचे थर जुळवायचे, तर दोन्हीकडे सापडेल अशी एखादी खूण हवी. ती खूण सगळीकडे पसरलेली हवी आणि थोडाच काळ टिकलेली हवी. सगळ्या काळात सापडणारी खूण वेळ सांगायला निरुपयोगी, आणि एकाच गावात सापडणारी खूण जुळवायला निरुपयोगी.

कवचांची गोष्ट

फोरॅमिनिफेरा हे समुद्रात राहणारे एकपेशीय जीव आहेत. अमिबाचे नातेवाईक म्हणा, पण स्वतःभोवती कवच बांधणारे. बहुतेकांचं कवच चुनखडीचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि आकार एक मिलिमीटरहूनही कमी. काही जाती तळाशी राहतात, काही पाण्याच्या वरच्या थरांत तरंगतात. तरंगणाऱ्या जाती प्रवाहांबरोबर महासागरभर पसरतात. मेल्या की कवचं तळाशी जाऊन बसतात. लाखो वर्षं हा बारीक पाऊस पडत राहतो, गाळ साचतो, दाबला जातो, दगड होतो.

या जाती भराभर बदलतात. नवी जात येते, काही काळ नांदते, नाहीशी होते आणि पुन्हा कधीच येत नाही. सगळीकडे पसरलेली आणि थोडाच काळ टिकलेली. म्हणजे रिक्वेस्ट-आयडीच.

काम कसं चालतं तेही भावानं दाखवलं. दगडाचा मऊसा तुकडा भिजत घालायचा, विरघळला की बारीक चाळणीवर धुवायचा. चाळणीची छिद्रं ६३ मायक्रॉनची, आपल्या केसाच्या जाडीच्या आसपासची. चाळणीवर उरलेला कचरा वाळवायचा, मायक्रोस्कोपखाली पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलून वेगळं ठेवायचं. एका नमुन्यातून अशी तीनतीनशे कवचं. "डोळे आणि मान दोन्ही जातात," तो म्हणाला.

या कामाला मान मिळायला वेळ लागला. १९२१ साली एस्थर रिचर्ड्स (पुढे लग्नानंतर एस्थर ॲप्लिन) या अमेरिकन तरुणीनं भूशास्त्रज्ञांच्या बैठकीत मांडलं, की टेक्सासमधल्या तेलविहिरींच्या थरांची वयं या कवचांवरून ठरवता येतील. तिथल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकानं तिची भर सभेत टिंगल केली. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोर आपल्याला काय शिकवणार, असा एकूण सूर.

पण तेलकंपन्यांना उत्तर हवंच होतं. विहीर खणताना ड्रिल खालच्या दगडाचा चुरा करून वर आणतं. त्यात मोठे जीवाश्म उरतच नाहीत. फोरॅम इतके लहान की ते त्या चुऱ्यातही अख्खे राहतात. ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तिघी ह्यूस्टनमध्ये वेगवेगळ्या तेलकंपन्यांत काम करत होत्या. १९२५ मध्ये त्यांनी मिळून टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारपट्टीखालच्या थरांचा क्रम या कवचांवरून लावून दाखवला. त्यानंतर तेलाच्या शोधात फोरॅम बघणारा माणूस ही गरजच झाली.

एक सेंटिमीटर माती

आता इटलीत जाऊ. तिथल्या गुब्बिओ नावाच्या जुन्या गावाबाहेर एका खिंडीत गुलाबी चुनखडीचे थर उघडे पडलेत. हा एके काळी खोल समुद्राचा तळ होता. १९६०च्या दशकात हान्सपीटर लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा या दोन सूक्ष्मजीवाश्मतज्ज्ञांनी या थरांचा सेंटिमीटर-सेंटिमीटर करून अभ्यास केला. एका ठिकाणी त्यांना जे दिसलं ते असं.

खालच्या थरात फोरॅम मोठे, नक्षीदार, साध्या भिंगातूनही दिसणारे. ग्लोबोट्रंकाना आणि तिच्या नातेवाईक जाती. मग सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर. त्यावरच्या चुनखडीत ते मोठे फोरॅम नाहीतच. आहेत ते अगदी चिमुकले, वेगळेच. त्यांतल्या एका नव्या जातीला त्यांनी १९६४ मध्ये गुब्बिओच्या लॅटिन नावावरून 'युगुबिना' असं नाव दिलं. हे नाव लक्षात ठेवा. युगुबिना या एक सेंटिमीटरच्या वर उगवली आणि सुमारे तीन लाख वर्षांत नाहीशीही झाली. ती जिथे दिसेल, तिथे तुम्ही डायनोसॉर संपल्यानंतरच्या अगदी पहिल्या पानावर आहात.

१९७०च्या दशकात वॉल्टर अल्वारेझ हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ याच खिंडीत दगडांतल्या चुंबकत्वाचा अभ्यास करायला आला. प्रेमोली सिल्वाही त्या अभ्यासात होत्या. फोरॅममधला तो झटक्यात झालेला बदल त्याच्या डोक्यात बसला. मातीचा तो थर साचायला किती काळ लागला असेल? क्षणभर, की हजारो वर्षं? त्यानं तो तुकडा वडिलांना नेऊन दाखवला. वडील लुईस अल्वारेझ, १९६८चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते.

वडिलांची कल्पना अशी होती, की अवकाशातून पृथ्वीवर सतत थोडी धूळ पडते आणि तिच्यात इरिडियम हा धातू असतो. मातीत किती इरिडियम आहे ते मोजलं, तर ती किती काळ साचत होती ते कळेल. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजमाप केलं. इरिडियम आजूबाजूच्या थरांच्या सुमारे तीसपट निघालं. डेन्मार्कमधल्या तशाच थरात सुमारे १६० पट. रोजच्या धुळीनं हे शक्यच नव्हतं. १९८० साली चौघांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं, की एक प्रचंड अशनी आदळला असणार. त्याच वर्षी यान स्मित या डच शास्त्रज्ञानंही स्पेनमधल्या थरातलं इरिडियम जाहीर केलं. स्मित स्वतः फोरॅमवाला. १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलुबचं, जमिनीखाली गाडलेलं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर ओळखलं गेलं.

यात एक गंमत आहे. १९८८ मध्ये एका मुलाखतीत लुईस अल्वारेझ जीवाश्म शोधणाऱ्यांना पोस्टाची तिकिटं गोळा करणारे म्हणाले. पण कुठल्या सेंटिमीटरवर बोट ठेवायचं, हे त्यांच्या मुलाला या 'तिकिटां'नीच दाखवलं होतं.

दुसरा संशयित

अशनीची गोष्ट सिनेमासारखी आहे, म्हणून ती सगळ्यांना माहीत असते. पण याच काळात दुसरा संशयितही उभा होता आणि तो आपला होता.

ड्यूई मॅक्लीन हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९७०च्या अखेरीपासून सांगत होते, की दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं हवामान बिघडलं असणार. या लाव्हानं आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे, सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. १९८६ मध्ये व्हँसाँ कुर्तियो या फ्रेंच शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या दगडांचं चुंबकत्व तपासून दाखवलं, की यातला बहुतेक लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबानं थोड्या काळात वाहिला, आणि तो काळ डायनोसॉर संपण्याच्या आसपासचा आहे.

आसपासचा. पुन्हा तोच शब्द. आधी की नंतर?

आमच्या घाटात याचं उत्तर मिळत नव्हतं. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम फार कमी, त्यामुळे त्यावरून काढलेली वयं पुढेमागे व्हायची. आणि लाव्हा जमिनीवर वाहिलेला, त्यात समुद्री कवचं येणार कुठून?

पण काही लाव्हा खूप लांब गेला होता. सह्याद्रीच्या बाजूनं निघालेले काही लोंढे सुमारे हजार किलोमीटर पूर्वेला वाहत थेट बंगालच्या उपसागराकाठी पोचले. गोदावरीच्या मुखाजवळ, राजमहेंद्रीला. नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी आज जिथे समुद्राला मिळते, जवळजवळ तिथेच. तिथल्या दगडखाणींत खाली एक लाव्हा आहे, वर दुसरा, आणि मध्ये समुद्रात साचलेल्या गाळाचा थर. रासायनिक घडण आणि चुंबकत्व यांवरून खालचा लाव्हा आपल्या आंबेनळी गटाशी जुळतो आणि वरचा महाबळेश्वर गटाशी. एसटीच्या मार्गावरचे दोन थांबे, आणि त्यांच्यामध्ये समुद्र.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर, त्यांचे सहकारी तिएरी अदात, आपल्याकडचे सुनील बाजपाई आणि इतरांनी या मधल्या थराचे नमुने धुऊन, चाळून पाहिले. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. खालच्या लाव्हाच्या लगेच वर युगुबिनाच्या काळातले फोरॅम होते. गुब्बिओत एक सेंटिमीटर मातीच्या वर भेटलेली तीच खूण, हजारो किलोमीटरवर, आपल्या लाव्हाच्या डोक्यावर.

याचा अर्थ नीट लावायला हवा. खालचा लाव्हा युगुबिनाच्या आधीचा, एवढं पक्कं. पण किती आधीचा? दिवसभर, की लाखभर वर्षं? ते हा थर सांगत नाही. केलर यांनी पुढे ओएनजीसीच्या या भागातल्या खोल विहिरींचे नमुने पाहिले. तिथे लाव्हाच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या गाळात त्यांना डायनोसॉरच्या काळातले फोरॅम दिसले, आणि एकेका लोंढ्यानंतर जातींची संख्या घटत गेलेली दिसली. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: मारेकरी दख्खन आहे, अशनी फार तर शेवटचा धक्का.

चार जणांची परीक्षा

केलर हे कितीतरी वर्षं म्हणत होत्या, आणि त्यांच्यासमोर तितक्याच ठामपणे उभे होते यान स्मित. दोघेही फोरॅम बघणारे, दोघेही ट्युनिशियातल्या एल केफ या एकाच ठिकाणचे थर बघणारे. तिथे या सीमेचा थर इतका छान टिकलाय की जगानं तोच प्रमाण मानलाय. केलर यांना दिसलं, की फोरॅमच्या जाती सीमेच्या आधीपासून हळूहळू गळत गेल्या. स्मित यांना दिसलं, की जवळजवळ सगळ्या एकदम गेल्या. एकच दगड, दोन उत्तरं.

शेवटी परीक्षा ठरली. एल केफहून नवे नमुने आणले, त्यांवर कुठला थर कुठे ते न सांगता चार तटस्थ तज्ज्ञांना दिले. आम्ही ज्याला ब्लाइंड टेस्ट म्हणतो तसंच. १९९४ मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत निकाल आला. प्रत्येकाच्या याद्यांत काही जाती सीमेच्या आधीच नाहीशा झालेल्या होत्या. पण कुठल्या, यावर चौघांचं एकमत नव्हतं. एकाला न दिसलेली जात दुसऱ्याला दिसली होती. चौघांच्या याद्या एकत्र केल्या, तर बहुतेक जाती सीमेपर्यंत पोचत होत्या, असं स्मित यांच्या बाजूनं म्हटलं. केलर यांना त्याच निकालात आपली बाजू दिसली. परिषद संपली, वाद संपला नाही.

यामागे एक साधी अडचण आहे. १९८२ मध्ये फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स या दोन शास्त्रज्ञांनी ती मांडली. समजा एक जात दुर्मिळ आहे, हजार कवचांत एखादं. तुम्ही तीनशे उचललीत. शेवटच्या काही थरांत ती तुमच्या ब्रशला लागणारच नाही. तुम्हाला वाटेल ती आधीच गेली. सगळे एकाच दिवशी मेले, तरी दुर्मिळ जाती आधी गेल्यासारख्या दिसणार. सापडली नाही म्हणजे नव्हती, असं होत नाही.

लॉगमध्ये एरर दिसली नाही म्हणजे एरर नव्हती, असं मीही कितीदा मानलंय. लॉगिंगच बंद असायचं.

कवचात साठलेलं तापमान

वाद फक्त कोण कधी गेलं याचा असता, तर तो मोजदादीतच अडकून पडला असता. पण हे कवच आणखी एक गोष्ट जपून ठेवतं: ते बांधलं तेव्हा पाणी किती गरम होतं.

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, थोडेसे १८ वजनाचे. पाणी थंड असेल तर कवचात जड अणूंचं प्रमाण किंचित वाढतं, गरम असेल तर किंचित घटतं. हॅरल्ड यूरी या रसायनशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये दाखवलं, की यावरून प्राचीन तापमान काढता येईल. एका अंशाला फरक पडतो तो हजारात जेमतेम पाव भागाचा, पण यंत्रं तेवढा पकडतात. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळातून काढलेल्या गाळातल्या फोरॅमवर हे करून पाहिलं, आणि हिमयुगं एकामागोमाग एक कशी आली-गेली त्याचा आलेख मांडला. पुढे निकोलस शॅकल्टन यांनी लक्षात आणून दिलं, की त्या आलेखात तापमानापेक्षा जमिनीवर साठलेल्या बर्फाचा वाटा जास्त आहे. हलके अणू वाफ होऊन बर्फात अडकतात आणि समुद्रात जड उरतात. म्हणजे वाचताना तेही वजा करायला हवं. डायनोसॉरच्या शेवटच्या काळात पृथ्वीवर आजच्यासारखे मोठे हिमस्तर नव्हते, त्यामुळे तिथे हा गोंधळ कमी.

दख्खनचा लाव्हा कधी वाहिला हे दगडावरून कळत नसेल, तर त्यानं हवेत सोडलेला वायू कधी पोचला हे कवचांवरून कळेल का? वायूनं पृथ्वी तापवली असेल, तर जगभरच्या समुद्रातल्या कवचांत ते उतरलं असणार.

दरम्यान दगडांची वयंही सुधारली. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. ब्लेअर शोएन यांच्या गटानं लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल पट्ट्यांतले झिर्कॉनचे कण मोजले. मी घाटात पाहिले तसलेच पट्टे. त्यांना लाव्हा चार झटक्यांत आलेला दिसला, आणि त्यातला पोलादपूरचा मोठा झटका अशनीच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झालेला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आर्गॉनची पद्धत वापरली. त्यांना लाव्हा बराचसा सलग वाहिलेला दिसला, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश अशनीनंतरचा. त्याच डोंगराचं, त्याच महिन्यात, वेगळं वाचन.

२०२० मध्ये येल विद्यापीठातल्या पिन्सेली हल आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रतळांतल्या कवचांचे आकडे एकत्र केले. त्यांना दिसलं, की अशनीच्या दोनेक लाख वर्षं आधीपासून जग सुमारे दोन अंशांनी तापलं आणि अशनी पडण्याआधीच पुन्हा थंडही झालं. त्यांच्या मते दख्खनमधला जवळजवळ अर्धा वायू तेव्हाच बाहेर पडला होता. फोरॅमनी ती उष्णता सोसली होती. आणि ज्या थरात इरिडियम आहे, त्याच थराशी तरंगणाऱ्या फोरॅमच्या दहापैकी नऊहून अधिक जाती संपतात. त्यांनी अशनीकडे बोट दाखवलं. केलर यांना हे पटलेलं नाही.

आज बहुतेक शास्त्रज्ञ अशनीला मुख्य कारण मानतात. दख्खनचा हात किती, आधी किती आणि सावरण्याच्या काळात किती, यावर काम चालू आहे.

पुन्हा घाटात

हे सगळं वाचून झाल्यावर मी भावाला फोन केला आणि विचारलं, "मग त्या दिवशी आपण डायनोसॉर ओलांडले की नाही?"

"ओलांडले," तो म्हणाला. "पोलादपूरच्या खाली की वर, एवढाच प्रश्न आहे. म्हणून तर बहुतेक म्हणालो."

त्याचं ते 'बहुतेक' मला आता वेगळं ऐकू येतं. शंभर वर्षं माणसं मान मोडून कवचं उचलतायत, त्यातून हे बहुतेक एवढं लहान झालंय. आधी ते कोट्यवधी वर्षांचं होतं, मग लाखांचं झालं, आता काही दहा हजारांवर आलंय. तरीही ते आहे, आणि ज्यांनी ते लहान केलं तेच ते सोडायला तयार नाहीत.

आमच्या त्या रात्रीचा अहवाल शेवटी मीच लिहिला. डेटाबेस रिलीजच्या आधी अडकायला लागला होता, हे पक्कं. पण आधीच दमलेल्या डेटाबेसवर त्या रिलीजनं शेवटचा भार टाकला का, हे लॉगवरून सांगता येत नव्हतं. मी तसंच लिहिलं. मॅनेजर म्हणाले, एक कारण लिही, वर पाठवायचंय. मी म्हटलं, आत्ता एवढंच कळतंय. त्या मुलाची ग्रुपवरच माफी मागितली, कारण आरोपही ग्रुपवरच केला होता. त्यानं अंगठा दाखवला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या टीममध्ये गेला. माझ्यामुळे गेला का, ते मी त्याला विचारलेलं नाही.

आता कधी आंबेनळीतून जाल, तर खिडकीकडे बसा. घाट सुरू झाल्यावर कातळातले लाल पट्टे मोजत चला. प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्हा थांबला होता आणि माती व्हायला वेळ मिळाला होता, एवढी एक सुटी. त्यांतल्या कुठल्या तरी दोन पट्ट्यांच्या दरम्यान, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला तो अशनी पडला असेल. इथे तेव्हा त्याची ओळ उमटली नाही. गुब्बिओत एक सेंटिमीटर उमटली, आणि तिच्या वर युगुबिना.